बिकॉजच्या पुढचं

पुस्तकावर छापलंय : इंग्रजी, दुसरी भाषा.
इथे सोलापुरात, विडी घरकुलातल्या
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ती पाचवी आहे.
घरात तेलुगू, कारखान्यात मराठी,
भाजीवाल्या शिवम्माशी कन्नड,
शेजारच्या रझियाशी दखनी.
या चारींपैकी एकीचंही व्याकरण
कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

मी मास्तर नाही. टॉवेलच्या कारखान्यात
परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं लिहितो.
साडेसातला येतो, तेव्हा नरसव्वा येमुल
सूप मांडीवर घेऊन बसलेली असते.
हात विड्या वळतात, कान माझ्याकडे.

पहिल्या दिवशी म्हटलं,
येतात तेवढे शब्द सांगा.
व्यंकटेश बोद्दा म्हणाला, एकही नाही.
मग म्हणाला, लूम. बीम. बॉबिन. शटल. ओव्हरटाइम.
नरसव्वा म्हणाली, कार्ड. पीएफ. पास. रिजेक्ट.
फळा भरला.

खालच्या गल्लीत मागांची खटखट,
म्हणून इथे सगळे ओरडूनच बोलतात.
ते बरंच आहे.
पुटपुटणाऱ्याची चूक कुणाला ऐकू येत नाही,
मग ती त्याच्याजवळच राहते.

क्रियापद आपल्याकडे शेवटी येतं,
पंगत उठल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यासारखं.
त्यांच्याकडे ते कर्त्याला खेटून पाटावर बसतं.
हे मी ठासून सांगितलं,
आणि पुढच्याच वाक्यात स्वतः चुकलो.

व्यंकटेशला 'अ' आणि 'द' कळेनात.
ताण्यातला एक धागा तुटला, मी म्हटलं,
कुठला ते माहीत नाही. तो 'अ थ्रेड'.
शोधलास, चिमटीत धरलास.
आता तो 'द थ्रेड'.
तो गप्प बसला. मग म्हणाला,
एवढ्यासाठी शाळेत सात वर्षं मार खाल्ला की.

बोलताना अडकला की तो परत
'माय नेम इज'पासून धरायचा.
धागा तुटला म्हणून तू चादर
पहिल्यापासून विणतोस का?
तुटलं तिथे गाठ मार, पुढे चल.
गाठ दिसते, तो म्हणाला.
दिसू दे. गाठीतून थंडी शिरत नाही.

मे महिन्यात तो गेला,
आफ्रिकेतल्या कुठल्याशा गिरणीत, फिटर म्हणून.
फोनवर म्हणाला, इथेही कुणाच्याच घरी
इंग्रजी नाही. सगळे गाठीच मारतात.

राहिले व्ही आणि डब्ल्यू.
आपल्या लिपीत दोन्ही एकाच घरात राहतात,
तोंडात त्यांचं पटत नाही.
दोरा दातानं तोडता ना, नरसव्वा?
खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, तिथे व्ही.
गरम चहावर फुंकर घालताना
ओठांचा चंबू होतो, तिथे डब्ल्यू.
आठवडाभर त्या खोलीत बायका
नसलेला चहा गार करत होत्या.

परवा विड्या द्यायला ती कारखान्यात गेली.
चेकरनं हजारातल्या साठ बाजूला काढल्या.
बावीस वर्षं ती विचारत आलीय,
का? एंदुकु? याके? क्यूं?
चेकर बदलले, मान कुणी वर केली नाही.
परवा तिनं ओठांचा चंबू केला,
फुंकर घातली :
व्हाय?
त्यानं मान वर केली.

मग? मी विचारलं.
नऊ परत दिल्या. एक्कावन्न छाटच.
आणि बोलला काहीतरी.
'बिकॉज' तेवढं कळलं,
पुढचं भरभर होतं.

तिनं सूप पुढ्यात ओढलं, पान कातरलं,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
मास्तर, आज तो धडाबिडा राहू दे.
बिकॉजच्या पुढचं शिकवा.